गप्प गल्लीतली लग्नसराई

रेवा, ईशान, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात तुमच्याकडे आता थंडी सुरू होऊन अंगावर स्वेटर चढले असतील. इथे मुलुंडला पंखा दिवसभर फिरतो आहे आणि तरी मानेवरचा घाम वाळत नाही. समोरच्या हॉलच्या दाराला सकाळपासून झेंडूच्या माळा चढताहेत. शेजारची मुलगी गॅलरीत फेऱ्या मारत मोठ्याने पाठांतर करते आहे. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे लग्नं आणि परीक्षा, दोन्ही एकदम. माझ्या डोक्यात या दोन्हींचा मिळून एक वास आहे, आणि तो फुलांचा किंवा कोऱ्या कागदांचा नाही. ओल्या गोणपाटाचा, घोड्याच्या घामाचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा आहे.

परवा फोनवर रेवा सहज म्हणाली, "आजी, आज आमच्या तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पोनीने तर कानसुद्धा हलवला नाही." मागून ईशान ओरडला, "पण रेवा रडली!" मीही हसले. मग फोन ठेवला. धनुर्वात आणि घोड्याचा कान या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की मला घाटकोपरची एक टेकडी दिसते. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आनंदाची हकिगत नाही, म्हणून राहून गेलं. आता जमेल तितकं क्रमाने सांगते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं बहुतेक शिक्षण म्हशींवर व्हायचं. आरे कॉलनीच्या गोठ्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालून आम्ही डॉक्टर होत होतो. घोडा अभ्यासक्रमात होता, पण पाहुण्यासारखा. इंग्रजी पुस्तकात त्याची चित्रं असायची: विटांचा तबेला, गुडघाभर पेंढा, दारातून डोकं बाहेर काढून उभा असलेला चकचकीत प्राणी. एकदा आम्हाला रेसकोर्सवर नेलं, तेव्हा तिथल्या घोड्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. विक्रोळीहून येणारा माझा वर्गमित्र विलास कानात म्हणाला, "बघ गं, ह्याला फॅन आहे. आमच्या खोलीत तो पण नाही. पुढच्या जन्मी मी घोडा होणार, यार." त्याला काय, मला काय, उपनगरातही घोडे राहतात हे माहीत होतं, पण त्यांचा अभ्यासाशी संबंध कधी लावला नव्हता. नवरदेवाला घेऊन जाणारी पांढरी घोडी दिवसा कुठे असते, असा प्रश्न कुणाला पडतो?

ती घाटकोपरच्या टेकडीवर असायची. चाळींच्या वरच्या अंगाला, खडकाला टेकवून बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिचं नाव चांदणी, आणि मालकाचं नाव भिकाजी. सगळे त्यांना भिकाजीकाका म्हणत. माणूस मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर गावची थोडी जमीन भावाला देऊन त्यांनी ही घोडी घेतली होती. लग्नसराईचे दोन-तीन महिने ती कमवायची, वर्षभर घर खायचं.

आमचे शस्त्रक्रियेचे सर तिथून जवळच राहत. भिकाजीकाका त्यांच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डाक्टरसायबानू, घोडी खाणा नाय. तोंडच उघडणा नाय. तुमी एकदा बगा." सरांनी मला आणि विलासला बोलावून घेतलं, कारण आम्ही दोघं त्याच लाइनवर राहणारे. "पुस्तकात वाचलंय ते आता बघा," एवढंच म्हणाले.

पुस्तकात लिहिलं होतं की धनुर्वात झालेला घोडा सुताराच्या लाकडी घोडीसारखा उभा राहतो. अगदी तसंच होतं. चारी पाय फाकवून ताठ, मान पुढे ताणलेली, शेपटी मागे उचललेली, नाकपुड्या फुललेल्या. कान टवकारलेले, जणू कुठूनतरी हाक येणार आहे आणि ती वाट पाहते आहे. सरांनी हनुवटीखाली बोटाने हलकेच टिचकी मारली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक पांढरा पडदा सर्रकन अर्ध्या डोळ्यावर आला आणि परत गेला. विलास माझ्याकडे पाहून काहीतरी विनोद करणार होता, तो त्याने केला नाही.

सरांनी एकेक खूर उचलून पाहिला, तोही किती हळू. मागच्या उजव्या पायात, नालेच्या खिळ्याजवळ, काळं भोक होतं. चाकूने थोडं कोरल्यावर आतून घाण वास आला. नालबंदाचा एक खिळा आत शिरला होता. घोडी थोडी लंगडली, मग भिकाजीकाकांनी तो उपटला, ती चालायला लागली, आणि सगळे ती गोष्ट विसरले. काका पाणी आणायला खाली गेले होते. सरांनी काकांच्या बायकोला, काकींना विचारलं, "ह्या भोकात काय भरलं होतं?"

"शेण नि हळद," काकी म्हणाल्या. "उन्हाळ्यात ते रोज भरतत. चारी खुरांत. डांबरी रस्त्यार चालता ती, पाय भाजतत तिचे. शेणान थंड पडतत."

ते शेण खालच्या म्हशींच्या तबेल्यातून ताजं येत असे. ओंजळीत घेऊन काका ते खुरात लिंपायचे, जसं एखाद्याने मुलाच्या तळपायाला तेल चोळावं. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीत असतात. उघड्या हवेत ते काही करत नाहीत. बंद भोकात, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात आणि विष सोडतात. हे मला परीक्षेसाठी तोंडपाठ होतं. सरांनी हात धुतले आणि बॅग उघडली.

तिला ट्रकमध्ये घालून हॉस्पिटलला नेणं शक्य नव्हतं. धक्क्याने आणि आवाजाने वाटेतच गेली असती. म्हणून उपचार तिथेच. जखम उघडी करून हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतली. पेनिसिलिन दिलं, झोप येणारं औषध दिलं, विषावर उतारा म्हणून सीरम दिलं. हे सीरम घोड्यांच्याच रक्तातून काढतात. कुठल्यातरी संस्थेच्या तबेल्यात उभ्या असलेल्या अनोळखी घोड्यांचं रक्त बाटलीतून टेकडी चढून चांदणीपर्यंत आलं होतं. पण जे विष आधीच नसांमध्ये जाऊन बसलेलं असतं, त्याला सीरम हलवू शकत नाही. उरलेला उपचार औषधाचा नव्हताच. अंधार आणि शांतता. प्रत्येक आवाजाने तिचं सगळं अंग आवळलं जात होतं, आणि प्रत्येक वेळी थोडी ताकद जात होती. अशा घोडीला निसर्ग वाचवतो, पण त्यासाठी तिने उभं राहायला हवं. एकदा आडवी झाली की उठत नाही.

सर म्हणाले, "भिकाजी, हिला आवाज चालणार नाही. भांडं पडलं तरी चालणार नाही."

काकांनी खालच्या गल्लीकडे पाहिलं. घाटकोपरची चाळ, लग्नसराई, शाळांना सुट्टी. "होय," ते म्हणाले. "मी सांगतंय सगळ्यांका."

त्या उन्हाळ्यात एक गल्ली गप्प झाली, ते मी पाहिलं. एरवी रेडिओ भांडायचे एकमेकांशी, ते बंद झाले. नळावर गोणपाटं अंथरली, म्हणजे हंडे-कळशा ठेवताना वाजू नयेत. कुकरची शिट्टी होण्याआधी बायका तो उतरवायच्या, त्यामुळे सगळ्यांच्या घरी भात थोडा कच्चाच. नळाची भांडणंही कुजबुजत व्हायला लागली. "मेले, नंबर माझा होता," असं एक बाई दुसरीच्या कानात सांगत होती, आणि दुसरीने तिला तितक्याच हळू आवाजात तिचं सगळं खानदान ऐकवलं. विलास तोंडावर रुमाल धरून हसत होता. शेडच्या पत्र्यावर कावळे बसले की नखं वाजायची, म्हणून आम्ही वर पोती टाकली. दाराच्या साखळीला काकींनी फडकं गुंडाळलं. चांदणीच्या कानांत सरांनी कापूस घातला. आम्ही पाळीपाळीने जायचो, पेज नळीने पाजायचो, अंगाचा घाम पुसायचो आणि अंधारात बसून मनातल्या मनात परीक्षेची उत्तरं घोकायचो.

विमानांचं काय करायचं, हे मात्र कुणाला सुचलं नाही. उतरणारी विमानं त्या टेकडीवरून इतकी खालून जात की पोटाखालची चाकं दिसायची. आवाज लांबून सुरू झाला की भिकाजीकाका चांदणीच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहत. तिचं अंग दगड व्हायचं आणि त्यांचंही. विमान गेलं की दोघं हळूहळू सैल होत.

मग गायकवाडबाईंच्या मुलाचं लग्न आलं. त्या काकांच्या खालच्या खोलीत राहायच्या. नगरकडच्या, नवरा लवकर गेला, धुणीभांडी करून एकट्या मुलाला शिकवलेलं. तो बेस्टमध्ये लागला होता. त्याची वरात चांदणीवरूनच निघणार, हे तो शाळेत असल्यापासून ठरलेलं. बँड सांगून झालेला होता. बाई वर आल्या, शेडच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भिकाजीभाऊ, माझा एकच पोरगा आहे."

"ठावक असा माका, वैनी."

"बँड नसला तर माणसं म्हणतील, लग्न आहे का मयत?"

आतून घोडीचा श्वास ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा. बाईंनी तो थोडा वेळ ऐकला. त्यांच्यामागे त्यांचा दीर उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, पाहुणे नावं ठेवतील. एक तास वाजवू दे ना. काय होतंय एका तासाने?"

बाई वळल्या. "घोडीच नाही, तर बँड कुणाच्या पुढे वाजवायचा? तुझ्या?"

"मग नवरदेव काय रिक्षातून आणायचा का?"

"रिक्षातून आण. आणि त्याला सांग, हॉर्न वाजवू नको."

तसंच झालं. बँड हमरस्त्यावरूनच परत गेला. गल्लीत पांढरी साडी नेसलेली नवरी चालत आली. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, तीसुद्धा ओठांतल्या ओठांत. शेवटचं 'साधू, साधू' इतकं हळू होतं की वर शेडपाशी मला फक्त माणसं एकदम श्वास सोडतात तसा आवाज आला. नवरा-नवरी वर येऊन काकांच्या पाया पडले. आत मात्र कुणी डोकावलं नाही.

त्याच संध्याकाळी टेकडी उतरताना मी सरांना विचारलं, "सर, त्यांना सांगायचं का? शेणाचं?"

विलास माझ्यावर भडकला. "वेडी आहेस का? आधीच मेल्यासारखा उभा आहे तो माणूस. सांगून काय मिळणार?"

सर थोडं चालून थांबले. "घोडी वाचली, तर सांगू. गेली, तर नाही. मेलेल्या जनावराला त्याचा काही उपयोग नसतो. त्यांच्याकडे दुसरं जनावर नाही." सरांचा तसा समज होता, आमचाही. मला ते पटलं. अजूनही, फक्त तेवढंच वाक्य घेतलं तर पटतं.

रेवा, तुझ्या मनात एव्हाना आलं असेल की एवढ्या माणसांनी एवढं केलं, तर ती वाचायला हवी होती. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. इतक्या लोकांनी कच्चा भात खाल्ला, त्याचं काही ना काही मिळणार, असा एक हिशेब नकळत आपण मांडत असतो. जंतूंना तो ठाऊक नसतो. पुढे इतकी वर्षं काम केलं, पण तो हिशेब मनातून कधी पुरता गेला नाही.

एका सकाळी मी पोचले तेव्हा ती रात्रीतच आडवी झाली होती. कशाने, ते कळलं नाही. विमान नव्हतं, भांडं पडलं नव्हतं. पाय ताठ, जमिनीच्या वर अधांतरी. पोटाखाली गोणपाटाचे पट्टे घालून, वासा लावून, सहा-सात माणसांनी तिला उचलायचा प्रयत्न केला. एकाच्याही तोंडून 'हय्या' निघाला नाही. ती उभी राहिली नाही. श्वास आता छातीत अडकत होता. सर गुडघ्यावर बसले आणि भिकाजीकाकांना म्हणाले, "आता हिला गुदमरायला लावण्यात अर्थ नाही."

काकांना समजलं. "तुमी काय ता करा," ते म्हणाले. "मी तिचा तोंड धरतंय."

त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सरांनी मला मानेची शीर दाबून धरायला सांगितलं. औषध जाताना माझ्या अंगठ्याखाली तिची नाडी धावत होती, मग अडखळायला लागली, मग अंगठ्याखाली माझीच नाडी उरली. अंग सैल झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे कान खाली आले.

पालिकेची गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येऊ शकली. माणसांनी पायांना साखळी बांधून तिला पायऱ्यांवरून ओढत नेलं. लोखंड दगडांवर खणखणत होतं. एका दारातून कुणीतरी सवयीने म्हणालं, "श्श!" मग ती बाई पदर तोंडाला लावून आत गेली.

सर हातपाय धुऊन निघणार, तेवढ्यात गल्लीत टापा वाजल्या. काकींचा भाऊ बोरीवलीहून एक घोडी घेऊन आला होता. करड्या रंगाची, तरुण, जरा बुजरी. ती काकांचीच होती. बोरीवलीकडच्या वरातींसाठी तिला मोसमभर मेहुण्याकडे ठेवलं होतं. दुसरी घोडी आहे हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. चांदणी पडल्याचं रात्रीच कळल्यावर मेहुणा पहाटेच निघाला होता, कारण संध्याकाळी वरात होती आणि वरपक्षाला नाही म्हणणं शक्य नव्हतं.

सर तिच्याजवळ गेले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या मनात काहीच नव्हतं, घोड्याच्या डॉक्टरचा हात आपोआप पायाकडे जातो, तसा गेला. त्यांनी पुढचा खूर उचलला. खूर शेणाने काठोकाठ लिंपलेला होता. वर हळदीचा पिवळा थर.

"लय काळजी घेतली हिची," मेहुणा म्हणाला. "भावजींनी सांगितल्यासारखं, रोज."

सर खूर हातात धरून तसेच वाकून राहिले. विलासने माझा दंड घट्ट धरला. त्याने नकारार्थी मान हलवली, सर त्याच्याकडे पाहत नव्हते तरीही. मग सरांनी खूर खाली ठेवला.

"भिकाजी, हे भरायचं बंद करा. आजपासून."

"कित्याक? पाय भाजतत त्यांचे."

"चांदणी ह्यानेच गेली. धनुर्वात शेणात असतो. खिळ्याच्या भोकातून तो आत गेला."

काकी दारात होत्या, त्यांनी चौकट धरली. मला वाटलं, सर आता काहीतरी जोडतील. दोष नालबंदाचा होता, तुम्हाला कसं कळणार, असं काहीतरी. ते खरंही होतं.

"म्हणजे मीयाच मारलंय तिका," काका म्हणाले.

"होय," सर म्हणाले. "हिला मारू नका."

सरांच्या बॅगेत चांदणीसाठी आणलेली सीरमची बाटली उरली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. घोडी बुजत होती, सुई पाहून मागे सरली. काका पुढे आले, लगाम हातात घेतला आणि तिच्याशी बोलायला लागले. इतके दिवस मी त्यांचा आवाज फक्त कुजबुजीत ऐकला होता. तो चांगला भरदार होता. "हलू नको गो बाये, हलू नको, काय नाय करत तुका," असं म्हणता म्हणता तो मध्येच फाटला, पण ते थांबले नाहीत. मी सुई टोचली. तिने कान मागे पाडले आणि उभी राहिली.

टेकडी उतरताना विलास सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "इतकं तोडून बोलायची काय गरज होती?" सर पुढे चालत होते. वळून म्हणाले, "मऊ बोललो असतो, तर त्यांनी उद्या परत भरलं असतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तुला मऊ जमतं का बघ. जमलं तर मला शिकव." पुढे मी शेकडो मालकांना अशी वाक्यं सांगितली. कधी मऊ सांगितली, कधी तोडून. कुठली बरोबर होती, हे जनावर सांगत नाही.

संध्याकाळी मी आणि विलास बसची वाट पाहत स्टॉपवर उभे होतो. परीक्षा दोन दिवसांवर होती. समोरून वरात आली. बँड जोरात होता, ट्यूबलाइट डोक्यावर घेतलेल्या बायका, मध्ये नाचणारी मुलं, आणि करड्या घोडीवर फेट्यातला घामाघूम नवरदेव. लगाम धरून भिकाजीकाका चालत होते, स्वच्छ पांढरा सदरा घालून. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला होता. विलासने हात वर केला, पण त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. बँडकडे, नाचणाऱ्यांकडे, नवऱ्या मुलाकडेही नाही. मान खाली घालून ते घोडीच्या पायांपुढच्या हातभर रस्त्याकडे पाहत होते. मध्येच लगाम खेचून त्यांनी सगळी वरात थांबवली. बँडवाले गोंधळले, मागून कुणीतरी शिवी दिली. काका खाली वाकले, रस्त्यावरून खिळ्यासारखं काहीतरी उचललं, सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि मग घोडीला पुढचं पाऊल टाकू दिलं.